कॉलेजची फी नेमकी कोण भरते?

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या जुन्या अनुदानित महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश घेतला की हातात भली लांब पावती पडते. प्रवेश शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती निवारण निधी, विद्यापीठाचा क्रीडा निधी, परीक्षा शुल्क. या गर्दीत ‘शिकवणी शुल्क’ अशीही एक ओळ असते. ज्यासाठी पोरगा कॉलेजात आला, त्या शिकवण्याची किंमत तिथे काही शेकड्यांत आटोपलेली असते. त्याच गावाबाहेर हायवेला लागून असलेल्या विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाची पावती मात्र आखूड. शिकवणी शुल्क, विकास शुल्क आणि विद्यापीठाचे देणे, एवढ्या दोन-तीन ओळी. बेरीज लाखाच्या घरात.

पहिल्या कॉलेजातल्या कायम प्राध्यापकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो, दुसऱ्या कॉलेजातला विद्यार्थ्यांच्या फीमधून. उच्च शिक्षणाचा खर्च करदात्याने उचलावा की विद्यार्थ्याने, या वादाची दोन्ही उत्तरे अशी एकाच गावात नांदताना दिसतात. वाद घालणारे बहुधा इथेच थांबतात आणि आपापल्या बाजूला उभे राहतात. पण दुसरी पावती कुणाच्या खात्यातून चुकती झाली ते बघत गेले, तर निम्म्याहून जास्त मुलांच्या बाबतीत पैशाचा काही भाग तरी पुन्हा सरकारी तिजोरीतच जाऊन पोचतो, असे अनेक महाविद्यालयांत आढळेल. करदाता या व्यवहारातून कधी बाहेर पडलाच नाही. गेल्या चाळीस वर्षांत त्याच्या पैशाने रस्ता तेवढा बदलला. या बदललेल्या रस्त्याकडे पाहिल्याशिवाय ‘फुकट की फी’ हा वाद नुसताच हवेत राहतो.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी विल्यम हंटर यांच्या शिक्षण आयोगाला निवेदन दिले, तेव्हा मुंबई विद्यापीठाला जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. फुल्यांचा हिशेब सरळ होता. सरकारचा महसूल येतो मुख्यतः रयतेच्या घामातून. शेतसारा तर ती भरतेच, वर रुपयामागे एक आणा लोकल फंडही भरते. या पैशातला मोठा वाटा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि ज्यांनी पैसा भरला त्यांच्या मुलांना साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही. हे शिकलेले लोक पुढे समाजाला विद्या देतील आणि ती झिरपत खाली जाईल, ही सरकारची अपेक्षा फुल्यांना भाबडी वाटत होती. त्यांनी मागितले ते बारा वर्षांपर्यंतचे सक्तीचे प्राथमिक शिक्षण.

फुल्यांचा एवढाच भाग उचलून ‘उच्च शिक्षणाचे अनुदान बंद करा’ असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी निवेदन पुढे वाचलेले नसते. सरकारने उच्च शिक्षणातून आत्ताच अंग काढून घ्यावे, असे देशाचे भले चिंतणारा कुणीही म्हणणार नाही, हेही फुल्यांनी त्याच निवेदनात स्पष्ट सांगितले आहे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि माझ्या मते ती सर्वांत धारदार आहे. शिष्यवृत्त्या चढाओढीच्या परीक्षेवर देण्याची पद्धत वरवर न्यायाची दिसते, पण तिने शिष्यवृत्ती ज्यांच्या घरात आधीच विद्या आहे त्यांच्याकडेच जाते, असा तो मुद्दा. आजही ‘नीट’च्या क्लाससाठी लातूरला दोन वर्षे राहण्याचा खर्च ज्यांना झेपतो, त्यांनाच पुढे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली सर्वांत स्वस्त जागा मिळण्याची शक्यता जास्त असते. ज्यांना तो खर्च झेपत नाही, त्यांच्यापुढे खासगी महाविद्यालयाची सर्वांत महाग जागा उरते.

फुल्यांनंतरच्या महाराष्ट्राने या प्रश्नावर जी उत्तरे शोधली, त्यांत फीमाफी हे एकच उत्तर नव्हते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम आणि इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या पोराला फीइतकीच, किंबहुना फीहून जास्त, अडचण राहण्याची आणि जेवणाची आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पुण्यातल्या गरीब ब्राह्मण मुलांसाठी माधुकरी आणि वार लावून जेवणे ही सोय होती. म्हणजे त्यांच्याही शिक्षणाचा खर्च कुणीतरी दुसरेच करत होते, फक्त तो सरकारी हिशेबात दिसत नव्हता. इतर जातींच्या मुलांना हे दार बंद होते, म्हणून कोल्हापूरची बोर्डिंगे हवी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात शिवाजी कॉलेज. तिथे ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यार्थी शेतात राबून, रस्ते-इमारतींची कामे करून शिकले. विद्यार्थ्यानेच खर्च भरावा या मताचे लोक हे उदाहरण आवडीने देतात. पण रयतेची वसतिगृहे उभी राहिली ती गावागावांतून मिळालेल्या धान्यावर आणि वर्गणीवर, हे सांगायचे ते सोयीस्करपणे विसरतात.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी तिसराच मार्ग वापरला होता. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तिला अट होती: परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. आज शिका, उद्या फेडा, आणि तेही पैशाने नव्हे तर कामाने. प्रत्यक्षात बडोद्यात अस्पृश्य म्हणून साधे राहायला घरही मिळेना, तेव्हा ती नोकरी टिकली नाही. फेडण्याची अट घालणाऱ्याने फेडण्याजोगी परिस्थितीही द्यावी लागते, हे त्या प्रकरणातून दिसले. तरीही कल्पना म्हणून ती आजही तपासून पाहण्याजोगी आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

स्वातंत्र्यानंतर यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांची फी माफ करणारी ‘ईबीसी’ सवलत आली. वार्षिक १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातला मुलगा जात न विचारता कॉलेजात फुकट शिकू लागला. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या, खेड्यातून आलेल्या कितीतरी शिक्षक, वकील, मामलेदारांच्या तोंडी ‘मी ईबीसीवर शिकलो’ हे वाक्य असते. त्या काळी पैसा सरळ वाटेने जात होता. सरकार महाविद्यालयाला अनुदान देई, अनुदानातून पगार होत, फी नाममात्र असे आणि तीही गरिबाला माफ.

अडचण होती ती जागांची. अभियांत्रिकीला पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद, शिवाय कराड, औरंगाबाद, अमरावतीची सरकारी महाविद्यालये आणि नागपूरचे विश्वेश्वरय्या, अशी हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी नावे. वैद्यकीयच्या जागा त्याहून कमी. ज्यांच्या खिशात पैसा होता ते कर्नाटकात मणिपालला किंवा बेळगावला देणगी मोजून जागा घेत. मग १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी निर्णय घेतला: सरकार पैसा देणार नाही, पण परवानगी देईल. विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना महाराष्ट्रात दार उघडले.

या निर्णयाला शिव्या देणे सोपे आहे आणि त्या भरपूर दिल्याही गेल्या. साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी कॉलेजे काढली, जमिनी सवलतीत मिळवल्या, देणग्या उकळल्या, हे सगळे घडले. १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, यातच काय ते आले. पण दुसरी बाजू दडवण्यात अर्थ नाही. नगर, सांगली, जळगाव, नांदेडच्या शेतकऱ्यांची मुले हजारोंनी इंजिनिअर झाली ती याच महाविद्यालयांतून. पुण्यातल्या हिंजवडीच्या आयटी कंपन्या केवळ सीओईपीच्या भरवशावर उभ्या राहिल्या नसत्या. दादांचे गणित जागांच्या बाबतीत बरोबर निघाले. फीच्या बाबतीत मात्र त्यांनी प्रश्न सोडवला नाही, तो न्यायालयाच्या दारात नेऊन ठेवला.

तिथे तो वीस-बावीस वर्षे फिरत राहिला. कर्नाटकातल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी जागेला वर्षाला २ हजार, कर्नाटकातल्या इतर विद्यार्थ्यांना २५ हजार आणि परप्रांतीयांना ६० हजार रुपये, असा दर होता. त्यावरून मोहिनी जैन खटला उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. लगेच पुढच्या वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयाने स्वतःच एक योजना आखून दिली: खासगी महाविद्यालयातल्या निम्म्या जागा ‘फ्री सीट’, निम्म्या ‘पेमेंट सीट’. गुणवत्तेत वर असणाऱ्यांना सरकारी दराने प्रवेश, त्यांच्या खर्चाचा भार खालच्यांच्या फीवर. त्या दशकात बारावी झालेल्यांना हे दोन शब्द अजून आठवत असतील. घरोघरी मार्कांच्या बेरजेत एक गुण इकडे-तिकडे झाला की काही लाखांचा फरक पडत होता.

योजना दिसायला न्याय्य होती. पण शहरातल्या चांगल्या शाळेत शिकलेला, क्लास लावलेला, डॉक्टर-वकिलाचा मुलगा फ्री सीटवर बसला आणि दहा गुणांनी मागे पडलेला खेड्यातला मुलगा, बापाने जमीन गहाण टाकून, पेमेंट सीटवर. म्हणजे गरीब घर श्रीमंत घराच्या शिक्षणाचा खर्च उचलत होते. टी.एम.ए. पै खटल्यात २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना रद्द केली, तेव्हा हीच विसंगती न्यायालयानेही नोंदवली. फुल्यांनी एकशे वीस वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट सर्वोच्च न्यायालयाला अनुभवाने कळली, असे म्हणायला हरकत नाही. २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालाने फी ठरवण्यासाठी निवृत्त न्यायाधीशांच्या समित्या आल्या. २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या नावाने ओळखला जाणारा निकाल लागला आणि खासगी संस्थांची स्वायत्तता आणखी पक्की झाली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा करून शुल्क नियामक प्राधिकरण आणि सीईटी कक्ष उभे केले. आज हायवेवरच्या त्या कॉलेजची फी ठरते ती या प्राधिकरणापुढे संस्थेने सादर केलेल्या खर्चाच्या हिशेबावर. साहजिकच, जितका खर्च दाखवाल तितकी फी. प्राध्यापकांना कागदावर वेतन आयोगाचा पगार आणि हातात त्याच्या निम्मा, ही तक्रार प्राध्यापकांच्या संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत, ती या हिशेबाशी जोडूनच वाचायला हवी.

करदाता या गोष्टीत पुन्हा अवतरतो तो इथे. फी लाखावर गेल्यावर सरकारला ती भरण्यासाठी हात द्यावाच लागला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होतीच. तिची मुळे १९४४ पर्यंत जातात. इतर मागासवर्गीयांना निम्मी फी, भटक्या विमुक्तांना पूर्ण, आणि खुल्या प्रवर्गातल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी. मराठा आंदोलनाच्या रेट्याखाली या योजनेची उत्पन्नमर्यादा आधी सहा आणि मग आठ लाखांवर गेली. जुलै २०२४ मध्ये आणखी मोठे पाऊल पडले. आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. त्यासाठी तिजोरीवर सुमारे ९०० कोटी रुपयांचा वाढीव भार सरकारने मंजूर केला. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे, तसेच व्यवस्थापन कोट्यातले प्रवेश यातून वगळले आहेत. त्यामुळे एखाद्या संस्थेने स्वतःचे विद्यापीठ करून घेतले की ती फीच्या नियंत्रणातून सुटते आणि गरीब घरची मुलगी तिच्या दारातून.

हा पैसा मुलीपर्यंत कसा पोचतो तेही पाहावे. आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी सेतू केंद्र, तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड. मग जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल. कॅप राऊंडचे वाटपपत्र. मग ‘महाडीबीटी’ पोर्टलवर अर्ज. त्यातही आधारला मोबाइल आणि बँक खाते जोडलेले नसेल तर तिथूनच परत. महाविद्यालयातला कारकून अर्ज पडताळतो, पुढे विभागाचे कार्यालय पडताळते, आणि रक्कम दोन हप्त्यांत येते. कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. तोवर संस्था म्हणते आमचे पगार थकले. विद्यार्थ्याला सांगितले जाते, आत्ता भर, मग परत मिळेल. शेवटच्या वर्षी शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रिका अडकते ती याच ठिकाणी. उलट बाजूही आहे. २०१० नंतरच्या शिष्यवृत्ती वाटपाची चौकशी करायला राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले, कारण काही संस्थांनी विद्यार्थ्यांच्या नावावर पैसे उचलले होते.

म्हणजे एकीकडे सरकार खासगी महाविद्यालयांची फी परतफेड करते आहे. दुसरीकडे आपल्याच अनुदानित महाविद्यालयांत निवृत्त झालेल्या प्राध्यापकाच्या जागी कायम माणूस भरायला त्याची तयारी नाही. हजारो पदे रिक्त आहेत. तिथे तासिका तत्त्वावर, म्हणजे ‘सीएचबी’वर, नेट-सेट झालेली माणसे शिकवतात. वर्षातले काही महिने काम, दर तासाला ठरलेला मोबदला, उन्हाळ्यात तोही नाही. अनुदानाचा पैसा ज्या संस्थेला जायचा, तिच्यावर निदान विद्यापीठाचे, संचालनालयाचे, विधिमंडळाचे थेट लक्ष असे. फीच्या प्रतिपूर्तीचा पैसा विद्यार्थ्याच्या नावाने जातो, आणि तो जिथे पोचतो त्या वर्गात काय शिकवले जाते याची विचारपूस करणारा खिडकीवर कुणी नसतो. मला या सगळ्या व्यवहारातले हेच सर्वांत मोठे नुकसान वाटते. ते फुकट विरुद्ध फी या वादात दिसतही नाही.

आता मूळ प्रश्न. करदात्याने हे का भरावे? आधी करदाता कोण ते ठरवू. नोकरदार वर्गाला वाटते तो म्हणजे आपण, कारण फॉर्म १६ आपल्या हातात पडतो आणि त्यावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लिहिलेला असतो. पण प्राप्तिकराचे विवरणपत्र भरणारे देशाच्या लोकसंख्येच्या दहा टक्केही नाहीत. उसाच्या फडात कोयता चालवणारा माणूस मोबाइलचा रिचार्ज करतो तेव्हा १८ टक्के जीएसटी देतो, डिझेलवरचा कर तो एसटीच्या तिकिटातून देतो. त्याची मुलगी दहावीनंतर फडावर गेली असेल तर बारावीनंतरच्या कुठल्याही योजनेचा तिला उपयोग नाही. फुल्यांच्या रयतेची जागा अशी आज जीएसटी भरणाऱ्या माणसाने घेतली आहे.

या बाजूने विचार केला की आयआयटीची फी २०१६ मध्ये वर्षाला ९० हजारांवरून २ लाख केली, ते योग्यच झाले असे म्हणावे लागते. अनिल काकोडकर यांच्या समितीने तशी शिफारस आधीच केली होती. अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण माफी, एक ते पाच लाखांच्या गटाला दोन तृतीयांश सूट. ज्यांना झेपते त्यांनी द्यावे, बाकीच्यांनी देऊ नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचीही तीच कथा. राज्याने एमबीबीएसनंतर एक वर्षाची ग्रामीण सेवा सक्तीची केली होती, नाहीतर १० लाख रुपये दंड. खासगी महाविद्यालयातल्या एका वर्षाच्या फीइतकाच तो दंड! पैसेवाल्याने तो सरळ भरावा असाच हा सौदा होता. बडोद्याच्या अटीतला अर्थ असा पैशात विरघळला.

पण ज्या पदवीतून मोठा पगार हमखास मिळतो तिच्यापुरतेच हे गणित चालते. मोडी लिपीचे घ्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद पडून आहेत. जमिनीच्या दाव्यांत, जातीच्या जुन्या नोंदी शोधताना मोडी वाचणारा माणूस लागतो, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात तो किती दुर्मीळ आहे हे सगळ्या राज्याने पाहिले. मोडी, पाली, भूगर्भशास्त्र, लोकसाहित्य या विषयांचा फायदा शिकणाऱ्याच्या पगारात दिसत नाही, तो समाजाच्या कामी येतो. असा विद्यार्थी स्वतःच्या खिशातून पूर्ण किंमत मोजायला येणार नाही, आणि त्याने मोजूही नये. अनुदानित बी.ए., बी.एस्सी.ची फी शेकड्यांतच राहावी, असे मी म्हणतो ते यासाठी.

मग अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन या महागड्या अभ्यासक्रमांचे काय? रूढ उत्तर आहे शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष हप्ता नाही, फेडायला पंधरा वर्षांपर्यंत मुदत. प्राप्तिकरात व्याजाची वजावट. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेने निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार नसतानाही कर्ज देऊ केले आहे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात ८ लाख रुपयांचे कर्ज १० टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता येतो १० हजार ५७२ रुपये, आणि यात शिकत असतानाचे व्याज धरलेले नाही. नव्या इंजिनिअरला आयटी कंपनीत साडेतीन लाखांचे पॅकेज मिळाले तर हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास येतात. त्यातले बेचाळीस टक्के बँकेला. उरलेल्यात पुण्यात भाडे, डबा, गावाकडे पाठवायचे पैसे. नोकरी लागली नाही तर हप्ता थांबत नाही, नोटीस येते, आणि ती बापाच्या नावावर येते.

ऑस्ट्रेलियाने या कोंडीतून वेगळी वाट काढली. तिथे व्हिटलम सरकारने १९७४ मध्ये विद्यापीठांची फी पूर्ण रद्द केली होती. कॉलेजात येणाऱ्यांत सुखवस्तू घरांचे वर्चस्व मात्र तसेच राहिले, आणि त्यांच्या शिक्षणाचा बोजा शिकू न शकलेल्यांच्याही करावर पडत राहिला. अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांनी आखलेली ‘हेक्स’ योजना १९८९ मध्ये आली. विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी एक पैसाही देऊ नये. त्याच्या नावावर वर्षाला १८०० डॉलर, म्हणजे खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा, देणे म्हणून लिहिला जाई. पुढे त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले तरच करखाते पगारातून थोडी थोडी वसुली करी. नोकरी गेली, बाळंतपण आले, पगार कमी झाला, की वसुली आपोआप थांबते. बँक नाही, जामीनदार नाही, वसुली एजंट नाही.

ही योजनाही निर्दोष नाही. देणे महागाईशी जोडलेले असल्याने २०२३ मध्ये ते एका फटक्यात ७.१ टक्क्यांनी फुगले आणि ओरड झाली. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने सगळ्यांचे देणे २० टक्क्यांनी कमी केले आणि वसुलीची मर्यादा वर्षाला ६७ हजार डॉलरपर्यंत वाढवली. इंग्लंडची गोष्ट तर जास्त सावध करणारी आहे. तिथे १९९८ मध्ये एक हजार पौंडांनी सुरुवात झाली, २०१२ मध्ये फी नऊ हजारांवर गेली. एकदा विद्यार्थ्याकडून घ्यायची सवय लागली की अर्थमंत्री हात आखडता घेत नाहीत.

जर्मनीचे उदाहरणही आपल्याकडे फार दिले जाते. पुण्यात जर्मनच्या वर्गांना जी गर्दी असते ती कवी गटेच्या प्रेमापोटी नसते, तिथल्या फुकट शिक्षणासाठी असते. तिथल्या काही राज्यांनी २००५ नंतर सत्राला ५०० युरो फी लावून पाहिली आणि २०१४ पर्यंत सर्वांनी ती मागे घेतली. पण हे चालते ते जर्मन करदात्याच्या जड करांवर, आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १५०० युरो घेतेच.

हेक्ससारखे काही महाराष्ट्रात चालेल का? हरकत घेणारे म्हणतात, आपल्याकडे बहुतेक लोक असंघटित क्षेत्रात, उत्पन्न कळणार कसे? शेतकऱ्याच्या बाबतीत ते खरे आहे. पण महागड्या व्यावसायिक पदव्या घेणाऱ्यांतले बरेचसे पगारदार होतात, आणि पगारातून कापून घेण्यात हे राज्य मुरलेले आहे. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार आजही कापले जातात. दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामासाठी शहराने द्यायचे, या कल्पनेला त्या काळी फार विरोध झाला नाही. त्याच पगारपत्रकावर आणखी एक ओळ घालता येईल: ज्याचे शिक्षण सरकारने केले आणि ज्याचा पगार एका मर्यादेवर गेला, त्याचे ठरावीक टक्के. परदेशी गेलेल्यांकडून वसुली अवघड आहे, हे कबूल. ऑस्ट्रेलियालाही त्यासाठी २०१७ मध्ये वेगळा नियम करावा लागला. डॉक्टरांच्या बाबतीत मी पैसा घेणारच नाही, सेवाच मागेन, आणि दंड भरून सुटका ही सोय ठेवणार नाही.

अशी वसुली झालीच तर ती सर्वसाधारण महसुलात विरघळू देता कामा नये, तिचा निधी कायद्याने वेगळा बांधावा लागेल. त्यातून आधी सीएचबीवरची पदे कायम भरावीत आणि लगोलग वसतिगृहांकडे वळावे. स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर एक खाट आणि मेसचा दोन वेळचा डबा धरला, तर जुलैपासून एप्रिलपर्यंत ते जेमतेम पुरतात, आणि तेही हप्ता वेळेवर जमा झाला तर.